हाडाचा नट

नाव वाचलं तेव्हा मान वर केली नाही मी.
हाल्डन्बी, नॉरिस. वय एक्क्याऐंशी.
पोस्टाच्या पायरीवर घसरले. खुबा, बरगड्या, डावं मनगट.
हलमध्ये हाल्डन्बी पुष्कळ.
पण कोट काढताना त्याची एक बाही अडकली
आणि ती सोडवता सोडवता दुसरी,
तेव्हा माझा हात कळफलकावरच थांबला.
हे मी पाहिलं होतं.
गुरुवारी, साडेसातला, हेसल रोडच्या घरात, शेगडीपुढे बसून.

बाबा ट्रॉलरवर. तीन आठवडे आइसलंडच्या बाजूला,
तीन दिवस घरी.
त्या तीन दिवसांत बोटांना कॉडचा वास
आणि तोंडाला कुलूप.
मधे गुरुवार सापडला, तर मात्र
खिडक्या पुसणारा मिस्टर स्पॅविन शिडीवरून निसटायचा
आणि बाबांच्या छातीतून काहीतरी सुटायचं
नांगराच्या साखळीसारखं, खडखडत, तळापर्यंत.
आई दारात उभी. ती टीव्ही बघत नसे.
ती बाबांना बघायची.

काचेपलीकडे जाऊन मी बटण दाबलं.
पडद्यावर तो आला,
बिनमेकअपचा, बिनकातडीचा.
हाडाचा नट म्हणतात, तो असा समोर.

"दाखवा की," तो म्हणाला, "माझंच काम आहे."
दाखवायची पद्धत नाही. दाखवलं.

"ही बरगडी बहात्तरची.
खालच्या दोन गाद्या कुणीतरी बसायला नेल्या होत्या, चहाच्या सुट्टीत.
हे मनगट म्हणजे लग्नाचा केक. पाच मजली. आत लाकूड.
सहा टेक झाले. दिग्दर्शक म्हणाला, पहिलाच बरा होता.
मग लंडनला जाऊन तीन सिनेमे केले.
तिन्ही पडले.
मी पडलो की पैसे मिळत, बाई. सिनेमा पडला की नाही."
हे वाक्य त्यानं फार वेळा म्हटलेलं असणार.
तरी शेवटच्या शब्दाआधी तो थांबला, जेवढं थांबायचं तेवढंच.

मी विचारलं,
त्र्याहत्तर, नोव्हेंबर, दुसरा गुरुवार. तेव्हा कुठून पडलात?
आमच्याकडे त्या दिवशी टीव्ही लावला नव्हता.
बोट परतली नव्हती.

हे शेवटचं मी बोलले नाही. पण हलमध्ये सांगावं लागत नाही.
त्यानं डोळे मिटून आठवलं.
"छपरावरून. कोंबड्यांच्या खुराड्यात."
मग जरा वेळानं,
"काही मोडलं नाही त्या वेळी. काहीच नाही."

आणि हा?
मांडीच्या हाडावर मी बोट ठेवलं. जुना, वाकडा जुळलेला सांधा.

"तो घरचा.
मालिका बंद होऊन वर्ष झालेलं. स्वयंपाकघरात दूध सांडलं होतं.
विनी हसली.
पाठमोरीच, चहा ओतता ओतता हसत राहिली.
तिला वाटलं, याचा सराव सुरू झाला पुन्हा. बरं वाटलं तिला.
दोन कप भरले. माझ्यात साखर घातली. ढवळली.
वळली, तर मी अजून तिथंच."

यंत्राचा पंखा फिरत होता.
त्याच्या शर्टाचं बटण एक घर चुकलेलं.
ते विनोदासाठी नव्हतं.

"तिचं काही चुकलं नाही," तो म्हणाला.
"टायमिंग माझं गेलं."

टेबलावरून उतरायला एकच पायरी.
त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, पाय उचलला,
आणि जिथं ती नव्हती तिथं ठेवला.
दोन्ही हात वर, तोंडाचा मोठा ओ,
टोपी गेली वजनकाट्याखाली.
खरं की खोटं, अठ्ठावीस वर्षं हाडं बघणाऱ्या मला कळलं नाही.

मी हसले.
मग हात पुढे केला.

"बरोबर," माझा हात धरून उठत तो म्हणाला.
"आधी ते, मग हे.
मधे चहा करू नये."